कॉलेज, बाजार आणि मेट्रो पायी अंतरावर : खोली शोधताना भाड्यापलीकडचा हिशेब

बारावीचे आणि सीईटीचे निकाल लागले की दारव्हा, वरुड, चिमूर, देसाईगंज अशा तालुक्यांच्या गावांतून नागपूरला खोली शोधायला जाणाऱ्या पालकांची धावपळ दरवर्षी सुरू होते. कॉलेज कोणते, शाखा कोणती, फी किती, शिष्यवृत्ती बसते की नाही, यावर घरात अनेक दिवस चर्चा झालेली असते. पण मुलगा किंवा मुलगी राहणार कुठे, हे बहुधा शेवटच्या दिवशी, ओळखीच्या कुणाच्या तरी भरवशावर आणि केवळ भाड्याचा आकडा पाहून ठरते. धरमपेठेत एका कॉटचे जे भाडे सांगितले जाते, तेवढ्यात शहराबाहेरच्या एखाद्या लेआउटमध्ये अख्खी खोली मिळते, हे ऐकल्यावर शेतीच्या उत्पन्नावर घर चालवणारा माणूस दुसऱ्या पर्यायाकडे वळतो, आणि त्यात काही आश्चर्य नाही.

घरमालक आणि दलाल अलीकडे ‘मेट्रोच्या जवळ’, ‘सगळे वॉकिंग डिस्टन्सवर’ असे सांगून जास्त भाडे मागतात. हे जास्तीचे पैसे नेमके कशाचे असतात, ते देणे केव्हा शहाणपणाचे ठरते आणि केव्हा नाही, हे समजून घ्यायचे तर चालण्याजोगी वस्ती कशी तयार होते, हे आधी पाहावे लागेल.

चालण्याजोगी वस्ती कशाला म्हणायचे?

रोज लागणाऱ्या बहुतेक गोष्टी, म्हणजे किराणा, भाजी, दवाखाना, मेस, झेरॉक्स, वाचनालय, कॉलेज आणि पुढे दूर जाण्यासाठी बस किंवा मेट्रो, या घरापासून दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर असतील आणि ती चाल सुरक्षित असेल, तर त्या वस्तीला चालण्याजोगी वस्ती म्हणता येते. पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठातील प्राध्यापक कार्लोस मोरेनो यांनी २०१६ मध्ये याला ‘पंधरा मिनिटांचे शहर’ असे नाव दिले आणि २०२० मध्ये पॅरिसच्या महापौर ॲन हिदाल्गो यांनी ती कल्पना आपल्या निवडणूक प्रचारात घेतल्यावर ती जगभर चर्चेत आली. नाव नवे असले तरी रचना जुनी आहे. मोटारी येण्यापूर्वी वसलेले प्रत्येक गाव आणि प्रत्येक शहर असेच होते, कारण माणसाला दुसरा इलाजच नव्हता.

आपल्या खेड्यातही सगळे पायी अंतरावर असते, मग ते चालण्याजोगे का म्हणू नये, असे कुणी विचारेल. अंतराच्या बाबतीत ते खरे आहे. पण खेड्यात पायी अंतरावर शाळा सातवी-दहावीपर्यंतच असते, दवाखान्यात डॉक्टर असेलच याची खात्री नसते, आणि पुढचे सारे गाठायला फाट्यावर जाऊन एसटीची किंवा काळी-पिवळीची वाट पाहावी लागते. अंतर कमी आणि सोयी पुरेशा, या दोन्ही गोष्टी एका जागी याव्या लागतात, आणि त्या येण्यामागे एक साधे गणित आहे.

दहा मिनिटांत किती एकर मावतात?

सामान्य माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो, म्हणजे दहा मिनिटांत ८०० मीटर. एखाद्या मेट्रो स्थानकाभोवती ८०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर त्यात दोन चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास ५०० एकर जमीन येते. शेतकऱ्याला हा आकडा डोळ्यांसमोर आणणे कठीण नाही. मध्यम आकाराच्या गावाचे शिवार याहून मोठे असते. त्या स्थानकावर गाडी वरचेवर यावी, त्या वस्तीत चार किराणा दुकाने, दोन मेस आणि एक औषधांचे दुकान चालावे, एवढी गिऱ्हाइके याच ५०० एकरांतून यावी लागतात.

आता असे धरा की यातील निम्मी जमीन रस्ते, मैदाने, शाळा आणि कार्यालये यांत गेली आणि उरलेल्या २५० एकरांवर दोन हजार चौरस फुटांचे प्लॉट पडले. एकरी साधारण २१ प्लॉट बसतात, म्हणजे सव्वापाच हजार घरे आणि घरटी चार माणसे धरली तर २१ हजार लोक. त्याच प्लॉटांवर तीन मजली घरे असतील आणि प्रत्येक मजल्यावर एक कुटुंब राहत असेल, तर तोच आकडा ६३ हजारांवर जातो. उलट शहराबाहेरच्या लेआउटमध्ये अनेकदा दिसते तसे निम्मे प्लॉट ‘पुढे भाव येईल’ म्हणून घेऊन रिकामे ठेवलेले असतील, तर दहा हजारांच्या आसपासच माणसे उरतात. दहा हजारांसाठी बस तासातून एकदा येते, दुकानदार एकच असतो आणि त्याच्याकडे सगळे मिळत नाही. त्या रिकाम्या प्लॉटांतील काही आपल्याच भागातील लोकांनी, कापूस किंवा संत्रा विकून घेतलेले असतात, आणि त्याच लेआउटमध्ये आपल्याच भागातील मुले बसची वाट पाहत उभी असतात, हे पाहून वाईट वाटते.

दाटी म्हटली की गगनचुंबी इमारती आठवतात, पण तेवढे उंच जाण्याची गरज नाही. मुंबईतील माटुंगा हे याचे उत्तम उदाहरण आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली. झाडांचे रस्ते, बागा, तीन-चार मजली इमारती आणि तळमजल्यावर दुकाने, अशा त्या वस्तीत व्हीजेटीआय, रुईया, पोदार, खालसा ही महाविद्यालये आणि आजची रसायन तंत्रज्ञान संस्था एकमेकांपासून पायी अंतरावर आली. मध्य रेल्वेचे माटुंगा, पश्चिम रेल्वेचे माटुंगा रोड आणि हार्बर मार्गाचे किंग्ज सर्कल अशी तीन स्थानके तिच्या अंगाला आहेत. विदर्भातून व्हीजेटीआयला गेलेल्या कित्येक मुलांनी दुचाकीशिवाय तेथे चार वर्षे काढली आहेत.

नकाशावरचे अंतर आणि पायांचे अंतर

वर्तुळाचा हिशेब सरळ रेषेने होतो, माणूस मात्र रस्त्याने चालतो. गावात पांदण लांबून वळसा घेत असली तरी आपण धुऱ्याधुऱ्याने वावर ओलांडून निघून जातो. शहरात तशी सोय नसते. मध्ये नाला आला आणि त्यावर पूल नसला, रेल्वेचा रूळ आला, किंवा एखाद्या मोठ्या संस्थेची अर्धा किलोमीटर लांब भिंत आली, तर ३०० मीटरवर दिसणारे स्थानक चालायला एक किलोमीटरवर जाते. जुन्या वस्त्यांत गल्ल्या एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून वाट निघत राहते. नव्या बंदिस्त वसाहतींत एकच फाटक असते आणि मागच्या बाजूचे दुकान भिंतीपलीकडे असूनही वळसा घालून गाठावे लागते.

दुसरा अडथळा पदपथाचा. भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत (आयआरसी १०३, २०१२) चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी पट्टी सांगितली आहे. आपल्या शहरांतील कोणत्याही पदपथावर पाचशे पावले चालून पाहावे : सुरुवातीला विजेची डीपी येते, मग पानठेला आणि त्याच्यासमोर उभ्या दुचाक्या, मग एखाद्या बंगल्याच्या गाडीसाठी केलेला उतार, मग नालीवरचे फुटलेले झाकण, त्या झाकणापाशी माणूस खाली उतरतो आणि पुढे रस्त्याच्या कडेनेच चालत राहतो. पदपथ कागदावर असतो, पण पायाखाली नसतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले आणि अपंग व्यक्तींनाही वापरता येतील असे अडथळेमुक्त पदपथ असावेत यावर भर दिला. हा निर्णय आपल्या लोकांपर्यंत हवा तेवढा पोहोचलेला नाही, आणि तो पोहोचायला हवा.

स्थानक जवळ असणे आणि गाडी हाताशी असणे

वाहतुकीच्या बाबतीत लोक अंतर विचारतात, वारंवारता विचारत नाहीत. वारंवारता म्हणजे एका गाडीनंतर दुसरी गाडी किती वेळाने येते तो अवधी. ओलितासाठी तीन फेजची वीज पाळीपाळीने मिळते तेव्हा विहिरीला पाणी असूनही शेतकऱ्याला आपला दिवस विजेच्या वेळेप्रमाणे बांधावा लागतो, रात्री दोनला उठून मोटर सुरू करावी लागते. तासाला एक बस असलेल्या वस्तीत राहणाऱ्या विद्यार्थ्याचे तसेच होते. वर्ग संपतो न संपतो तोच बस सुटेल म्हणून पळायचे, किंवा बस सुटली म्हणून पुढच्या तासाला उशिरा पोहोचायचे. दर पंधरा मिनिटांनी गाडी असेल तर न पाहता घराबाहेर पडले तरी सरासरी सात-आठ मिनिटेच थांबावे लागते, आणि मग दिवस आपल्या हातात राहतो.

नागपूर मेट्रोचा पहिला भाग मार्च २०१९ मध्ये सुरू झाला आणि पहिल्या टप्प्याचे सर्व मार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी पूर्ण झाले. दोन मार्ग आहेत : ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी हा उत्तर-दक्षिण मार्ग आणि प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर हा पूर्व-पश्चिम मार्ग, दोन्ही सीताबर्डीला एकमेकांना मिळतात. रेल्वेने येणाऱ्याला नागपूर रेल्वे स्थानकाला लागूनच मेट्रो मिळते. कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि कापसी या दिशांना जाणाऱ्या दुसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता दिली. मेट्रो साधारण सकाळी सहा ते रात्री दहा चालते आणि विद्यार्थ्यांना तिकिटात सवलत आहे, हे खोली पाहताना लक्षात ठेवावे. रात्री दहानंतर परतायचे असेल तर मेट्रोच्या भरवशावर राहता येत नाही.

आणखी एक गोष्ट नकाशा नीट पाहिल्याशिवाय कळत नाही. नागपूर विद्यापीठाचा मोठा परिसर अमरावती मार्गावर आहे, पण पूर्व-पश्चिम मेट्रो झाशी राणी चौकातून शंकरनगर, एलएडी चौक, धरमपेठ कॉलेज अशी उत्तर अंबाझरी मार्गाने जाते. त्यामुळे विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागात शिकणाऱ्याला मेट्रोतून उतरल्यावरही पुढे बरेच चालावे किंवा ऑटो करावा लागतो. ज्याचे कॉलेज शंकरनगर-एलएडी चौकाच्या आसपास आहे त्याला मात्र उतरले की कॉलेज. ‘मेट्रोच्या जवळ’ हे दोघांसाठी सारखे खरे नाही. स्थानकापासून मुक्कामापर्यंतच्या या शेवटच्या तुकड्यावरच रोजचा वेळ आणि पैसा ठरतो.

शेजारी विद्यापीठ असल्याने काय बदलते?

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ ची. विद्यापीठ, त्याची महाविद्यालये आणि अंबाझरीच्या बाजूची व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था यांच्यामुळे धरमपेठ, गोकुळपेठ, शंकरनगर, बजाजनगर या पट्ट्यात दिवसभर पायी फिरणारी तरुण माणसे असतात. दुकानदाराच्या दृष्टीने हे मोठे गिऱ्हाईक आहे : गाडी नसलेले, कमी पैशांचे, पण रोज येणारे. म्हणूनच विद्यापीठालगतच्या वस्तीत मेस, झेरॉक्स, जुनी पुस्तके, अभ्यासिका, रात्री नऊलाही मिळणारा चहा या गोष्टी दाटीवाटीने उभ्या राहतात आणि त्यांचा लाभ तेथे राहणाऱ्या निवृत्त शिक्षकालाही होतो. घर, दुकान, कार्यालय आणि शिक्षण एकाच रस्त्यावर असण्याला नगररचनेत ‘मिश्र वापर’ म्हणतात. विद्यापीठ हे मिश्र वापराला टिकवून धरणारे फार मजबूत कारण आहे, कारण विद्यार्थी दरवर्षी नवे येतात, पण येणे थांबत नाही.

दिल्लीत डिसेंबर २००४ मध्ये दिल्ली विद्यापीठाजवळचे मेट्रोचे विश्वविद्यालय स्थानक सुरू झाले. स्पर्धा परीक्षेसाठी मुखर्जीनगरला राहून आलेल्या आपल्याकडच्या मुलांना मेट्रोने काय बदलले हे विचारावे. शहराच्या दुसऱ्या टोकाचे ग्रंथालय किंवा मुलाखत वर्ग त्यांच्या दिवसात बसू लागला. अमेरिकेत बोस्टनशेजारच्या केंब्रिज गावात हार्वर्डच्या दारात १९१२ पासून भुयारी रेल्वेचे स्थानक आहे, आणि त्याच मार्गावर पुढे एमआयटी आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ विद्यापीठ, रेल्वे आणि पायी चालणे एकत्र नांदले की वस्ती किती भरभराटीला येते हे तेथे दिसते. ती किती महाग होते, हेही तेथेच दिसते.

महाग होण्याचे कारण सरळ आहे. अशा वस्त्या थोड्या आहेत आणि तेथे राहू इच्छिणारे पुष्कळ. त्यात विद्यार्थी चौघे मिळून एक घर घेतात, तेव्हा चार जणांचे भाडे एका कुटुंबाच्या भाड्यापेक्षा जास्त होते, आणि घरमालक हळूहळू कुटुंबांऐवजी कॉट बेसिसवर मुले ठेवू लागतो. धुणीभांडी करणाऱ्या बाया, मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या बाया, दुकानातली पोरे हीच मंडळी मग लांब जाऊन राहतात आणि रोज अपडाऊन करतात. चालण्याजोगी वस्ती ज्यांच्या कष्टावर चालते त्यांनाच ती परवडत नाही. यावर पालक म्हणून आपण फारसे काही करू शकत नाही, पण नगररचना करणाऱ्यांनी याकडे डोळेझाक करू नये.

भाडे जास्त, तरी परवडते ते कसे?

एक काल्पनिक हिशेब मांडू. कॉलेजपासून पायी अंतरावर एका कॉटचे भाडे साडेचार हजार आहे आणि बारा किलोमीटरवरच्या लेआउटमध्ये तीन हजार. फरक दीड हजारांचा. लांबच्या खोलीतून बस आणि ऑटो मिळून जाता-येता रोजचे साठ रुपये लागले आणि महिन्यात पंचवीस दिवस कॉलेज असले, तर बरोबर दीड हजार रुपये प्रवासात गेले. म्हणजे भाड्यात वाचले ते वाटेत संपले. वेळेचा हिशेब अजून राहिलाच आहे : लांबून एका बाजूला पन्नास मिनिटे लागत असतील आणि जवळून बारा मिनिटे, तर रोज ७६ मिनिटांचा फरक पडतो आणि पंचवीस दिवसांत तो ३१ तासांच्या वर जातो. परीक्षेच्या महिन्यात ३१ तास म्हणजे एका विषयाची पूर्ण उजळणी.

शिकागोतील एक संस्था घर किती परवडते हे मोजताना घराचा आणि प्रवासाचा खर्च एकत्र धरते आणि दोन्ही मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांपुढे जाऊ नये असा दंडक वापरते. टक्केवारी तिकडची असली तरी पद्धत आपण जशीच्या तशी उचलावी : भाडे विचारले की त्याच कागदावर खाली महिन्याचा प्रवास लिहावा, आणि मग बेरजेची तुलना करावी.

बेरीज प्रत्येक वेळी जवळच्या खोलीच्याच बाजूने लागेल असे मात्र नाही. फरक दीड हजारांऐवजी चार हजारांचा असेल, किंवा लांबची खोली मेट्रोच्याच मार्गावर असून एका गाडीत कॉलेजजवळ उतरवत असेल, तर लांबची खोली योग्य ठरते. वासुदेवनगर किंवा जयप्रकाशनगर स्थानकापासून पाच मिनिटांवरची खोली ही सीताबर्डीपासून दोन किलोमीटरवरच्या, पण बस नसलेल्या खोलीपेक्षा सोयीची असू शकते. माझा सल्ला असा की किलोमीटर विसरावेत आणि दारापासून वर्गापर्यंतची मिनिटे मोजावीत.

सरकारी मदत ठरवताना हा हिशेब झालेला नाही, असे मला वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत नागपूरसारख्या मोठ्या शहरात राहणाऱ्या पात्र विद्यार्थ्याला वर्षाला ६० हजार रुपये मिळतात, त्यात ३२ हजार भोजनाचे, २० हजार निवासाचे आणि ८ हजार निर्वाहाचे. निवासाचे २० हजार बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला १,६६७ रुपये येतात. या रकमेत कॉलेजजवळची कॉट मिळणे अवघड, म्हणून विद्यार्थी लांब जातो, आणि प्रवासासाठी वेगळी रक्कम नसल्याने तो खर्च भोजनाच्या किंवा निर्वाहाच्या पैशांतून निघतो. योजना फार मोलाची आहे, तिच्यामुळे हजारो मुले शिकत आहेत; म्हणूनच तिच्यात निवास आणि प्रवास एकत्र धरले जावेत असे मनापासून वाटते.

‘पंचेचाळीस अंशांत चालणार कोण?’

ही शंका रास्त आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि दुपारी बारा ते चार उघड्या डांबरी रस्त्यावर चालणे धोक्याचे असते. पण त्या उन्हात बसथांब्यावर अर्धा तास उभे राहणे किंवा दुचाकीवर चाळीस मिनिटे गरम वारा अंगावर घेणे याहून सोपे नाही. अंतर जितके कमी तितका उन्हातला वेळ कमी. सावली असेल तर फरक आणखी पडतो. जुन्या वस्त्यांत कडुनिंब, गुलमोहर, कंपाउंडमधून बाहेर आलेले आंबे यांनी रस्त्यावर छाया धरलेली असते. नव्या लेआउटमध्ये झाड लावले तरी ते सावली द्यायला दहा वर्षे घेते. खोली दुपारी दोन वाजता पाहायला जावे, म्हणजे रस्त्याला सावली आहे की नाही ते आपोआप कळते.

‘मुलगी एकटी चालणार, ते बरे की गाडीवर येणे बरे?’

मुलींच्या पालकांचा हा पहिला प्रश्न असतो आणि तो घाईने उडवून लावू नये. रस्ता सुरक्षित वाटण्यासाठी दिवे लागतात, उघडी दुकाने लागतात आणि रस्त्यावर माणसे लागतात. रात्री साडेआठला मेसमधून परतणाऱ्या पाच-सहा मुली, कोपऱ्यावरचे उघडे औषधाचे दुकान आणि ओसरीवर बसलेले म्हातारे जोडपे, एवढे असेल तर ती वाट निर्धास्त असते. दोन्ही बाजूंनी लांबलचक भिंती असलेला, दिवे असूनही माणूस नसलेला रुंद रस्ता तसा नसतो, मग तो नकाशावर कितीही जवळचा दिसो. आईवडिलांनी खोली पक्की करण्यापूर्वी संध्याकाळी आठनंतर मुलीसोबत स्थानकापासून खोलीपर्यंत एकदा स्वतः चालावे. घरमालकाने सांगितलेल्या कोणत्याही गोष्टीपेक्षा ती एक फेरी जास्त सांगून जाते.

‘त्यापेक्षा स्कूटीच घेऊन देऊ’

लाखाच्या घरात जाणारी गाडी, तिचा विमा, दुरुस्ती आणि पेट्रोल. बारा किलोमीटरवरून रोज जाता-येता २४ किलोमीटर, महिन्याला ६०० किलोमीटर. गाडीने लिटरला ४५ किलोमीटर दिले तरी तेरा लिटरांवर पेट्रोल लागते आणि लिटरला शंभराच्या वर भाव धरला तर तेराशे रुपयांहून अधिक फक्त इंधनाचे. म्हणजे भाड्यात वाचलेले दीड हजार येथेही जवळपास पुरते जातात आणि गाडीची किंमत वेगळी. शिवाय गावाकडच्या रस्त्यावर गाडी चालवलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला शहराच्या गर्दीत, ट्रकांच्या वर्धा मार्गावर रोज पाठवायचे, याची काळजी पैशांत मोजता येत नाही. ज्याला लांबच्या इंटर्नशिपला जायचे आहे त्याला गाडी लागेल. सगळ्यांना ती लागावी अशा जागी खोली घेऊ नये.

‘मेट्रोशेजारी मोठ्या इमारती होतच आहेत, मग प्रश्न काय?’

येथे एक पारिभाषिक शब्द समजून घ्यावा लागेल. चटई क्षेत्र निर्देशांक, ज्याला व्यवहारात एफएसआय म्हणतात, तो म्हणजे प्लॉटच्या आकारमानाच्या किती पट बांधकाम करता येईल याची मर्यादा. नागपुरात मेट्रो मार्गाच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरच्या पट्ट्यात रस्त्याची रुंदी आणि प्लॉटचा आकार पाहून ४ पर्यंत एफएसआय देण्याची तरतूद झाली, म्हणजे दोन हजार चौरस फुटांच्या जमिनीवर नियमांत बसल्यास आठ हजार चौरस फुटांपर्यंत. स्थानकाजवळ जास्त लोक राहावेत हा हेतू योग्यच आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या धोरणातही हाच विचार आहे, आणि त्यात स्थानकाभोवती चालण्याच्या सोयीला महत्त्व दिले आहे.

पण इमारत उंच झाली, तिचा तळमजला आणि त्यावरचा मजला गाड्या उभ्या करण्यात गेला, रस्त्याच्या बाजूला दुकानाऐवजी भिंत आली, आणि सदनिका एवढ्या मोठ्या झाल्या की दोन गाड्या असलेली कुटुंबेच त्या घेऊ शकली, तर स्थानक शेजारी असूनही मेट्रोत कुणी चढत नाही. केंब्रिजने २०२२ मध्ये नव्या इमारतींवरची किमान पार्किंगची सक्ती काढून टाकली ती याच कारणासाठी. आपल्याकडे एवढे टोक गाठणे आज शक्य नसेल. मात्र मेट्रोच्या पट्ट्यात मिळणाऱ्या वाढीव बांधकामापैकी काही भाग विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांसाठी आणि लहान घरांसाठी राखला जावा, ही मागणी विदर्भातील प्रत्येक लोकप्रतिनिधीने करण्यासारखी आहे, कारण त्या खोल्यांत त्याच्याच मतदारसंघातील मुले राहणार आहेत.

आपल्या तालुक्याच्या गावाचे काय?

हा विषय नागपूरपुरता नाही. आपल्या तालुक्याच्या गावांत एसटी स्टँड, बाजार ओळ, जुनी शाळा, तहसील आणि सरकारी दवाखाना अजूनही बहुधा पंधरा मिनिटांच्या चालीत आहेत. खेड्यातून मोफत पासवर एसटीने आलेली मुलगी स्टँडवर उतरून कॉलेजला चालत जाते आणि जाता-जाता बँकेतले काम करून घेते, ही सोय आपल्याला फुकट मिळालेली आहे. ती आपण एकेक करून हातची घालवत आहोत. नवे कॉलेज स्वस्त जमिनीसाठी बायपासवर, गावापासून पाच-सहा किलोमीटरवर जाते. मागोमाग न्यायालय जाते, तहसील जाते. अमरावतीचे विद्यापीठ शहराच्या कडेला तपोवनाकडे आहे, पण तेथे निदान शहर मोठे आहे. गोंडवाना विद्यापीठ ज्या गडचिरोली शहरात आहे ते शहर विद्यापीठ सुरू झाले तेव्हा रेल्वेच्या नकाशावर नव्हते. जिल्ह्याचे रेल्वे स्थानक वडसा, म्हणजे देसाईगंजला, सुमारे पन्नास किलोमीटरवर. अशा ठिकाणी एसटीची वारंवारता आणि वसतिगृहाची जागा यांवरच मुलामुलींचे शिक्षण टिकते किंवा सुटते.

जमीन स्वस्त मिळाली म्हणून संस्थेचा खर्च एकदाच वाचतो; त्या कॉलेजात येणाऱ्या प्रत्येक मुलाचा खर्च मात्र रोज वाढतो, आणि तो कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

यावर बोलायला कायद्याने एक जागा ठेवलेली आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार नगरपरिषदेचा प्रारूप विकास आराखडा जाहीर होतो तेव्हा ठरावीक मुदतीत कोणत्याही नागरिकाला त्यावर लेखी हरकती आणि सूचना देता येतात. ज्यांचा प्लॉट आरक्षणात जातो तेच लोक बहुधा हरकत घेतात. पालकांनीही घ्यावी, आणि ती नेमकी असावी : कॉलेजसाठी दाखवलेली जागा स्टँडपासून किती चालीवर आहे, मधल्या नाल्यावर पादचारी पूल दाखवला आहे का, त्या रस्त्यावर १.८ मीटरची मोकळी पट्टी आणि झाडांची रांग आखली आहे का, मुलींच्या वसतिगृहाचे आरक्षण बाजाराच्या बाजूला आहे की बायपासच्या बाजूला. अर्जात गट क्रमांक आणि आराखड्यावरील आरक्षण क्रमांक लिहावा, आणि पोच घेतल्याशिवाय नगरपरिषदेतून परतू नये.